नव्या कपड्यावरचा कोणता दोरा काढायचा आणि कोणतं लेबल जपायचं

तुळशीचं लग्न लागलं की इंदापूर-बारामती भागात बस्ते बांधायला सुरुवात होते. वालचंदनगर, कळंब, लासुर्णे, भवानीनगर इथली कुटुंबं खरेदीसाठी बारामतीला, अकलूजला नाहीतर थेट पुण्याला जातात. शालू, नवरदेवाचा सूट, करवल्यांचे घागरे, मानपानाच्या साड्या असा बस्ता घरी येतो आणि लग्नाच्या दिवशी एक गोष्ट हमखास दिसते. कोटाच्या डाव्या बाहीवर कंपनीचं लेबल तसंच असतं, कोटाच्या पाठीमागची फट फुलीच्या टाक्याने बंद असते, आणि खिशात हात घालायला गेलं तर खिसा शिवलेला निघतो. उलट कोटाच्या आत, कपडा कशाचा आहे आणि कसा धुवायचा हे सांगणारी छोटी पट्टी मात्र टोचते म्हणून पहिल्याच दिवशी कापून टाकलेली असते. काढायचं ते राहतं आणि ठेवायचं ते जातं. याचा दोष कपडा घालणाऱ्याच्या अडाणीपणावर ढकलणं मला पटत नाही. पूर्वी कापड घेऊन शिंप्याकडे टाकलं जायचं. कोट हातात देण्याआधी कच्चे टाके उसवणं, दोरे झटकणं, खिसे मोकळे करणं ही कामं शिंपी स्वतः करायचा. तयार कपडे आले, शिंपी मधून गेला आणि त्याचं हे शेवटचं काम कोणी न सांगताच गिऱ्हाइकाच्या अंगावर पडलं. ते काम नीट कसं करायचं, ते इथे सांगायचं आहे.

नियम एकच आहे. हातात आलेला दोरा किंवा पट्टी कोणासाठी लावलेली आहे, हे आधी विचारायचं. कारखान्यासाठी, प्रवासासाठी, दुकानासाठी की कपडा वापरणाऱ्यासाठी? वालचंदनगरच्या वाचकांना हे समजायला अवघड नाही. साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटांच्या मोटर-आवरणांपर्यंत जड जोडकाम करणाऱ्या या गावात, जोडणीच्या वेळी दोन पत्रे जागेवर धरायला टॅक मारतात, आधाराच्या पट्ट्या लावतात. काम पुरं झालं की त्या पट्ट्या कापून ती जागा घासून साफ करतात, कारण त्यांचा उपयोग जोडणीपुरताच होता. पण बॉयलरवर ठोकलेला नोंदणी क्रमांक आणि बनवणाऱ्याची नेमप्लेट कोणी घासून काढत नाही, कारण पुढे बॉयलर चालवणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला त्यांचीच गरज असते. कपड्यालाही हाच विचार लावायचा. कच्चा टाका म्हणजे टॅक आणि आतली पट्टी म्हणजे नेमप्लेट.

सुरुवात कोटापासून करू, कारण सर्वांत जास्त कच्चे टाके कोटावरच असतात. कोट टेबलावर पालथा घाला. मागे खालच्या बाजूला एक किंवा दोन फटी असतात. चालताना, बसताना कोट मागे ओढला जाऊ नये म्हणून त्या ठेवलेल्या असतात. प्रवासात आणि हँगरवर फटीची पाळी दुमडून चुरगळू नये, म्हणून तिच्या खालच्या टोकाला फुलीच्या आकाराचा टाका घालतात. तो टाका तसाच राहिला की बसताना कोट कंबरेवर ताणला जातो, पाठीवर आडव्या वळ्या पडतात आणि घालणाऱ्याला वाटतं की माप चुकलं. माप बहुतेक वेळा बरोबर असतं, अडचण त्या फुलीची असते. ती काढायला शिवण उसवायचा छोटा हुक घ्या, नसेल तर लहान टोकदार कात्री चालते. ब्लेड घेऊ नका. फुलीच्या मधोमध दोऱ्याखाली टोक सरकवा, धार कापडाकडे न ठेवता वर ठेवा, दोरा तोडा आणि उरलेले तुकडे कपड्याच्या उलट्या बाजूने चिमट्याने ओढून घ्या. भोकं राहिली असतील तर नखाने आडवं-उभं हलकं चोळा आणि वाफेची इस्त्री कापडाला न टेकवता थोडी वर धरा, वीण पुन्हा जुळून येते. खांद्यावर, कॉलरच्या खाली आणि बाहीच्या टोकालाही असे लांब, सैल, बहुधा पांढरे टाके कधी कधी राहून जातात. कोट उजेडात धरून बोट फिरवलं की ते लगेच सापडतात.

खिशांच्या बाबतीत एक आक्षेप नेहमी येतो आणि त्यात तथ्य आहे. खिसे बंदच ठेवलेले बरे, असं अनुभवी शिंपीही सांगतात, कारण मोबाइल, किल्ल्या, पाकीट खिशात गेलं की कोटाचा आकार बिघडतो. ज्याला कोट वर्षातून दोनदाच घालायचा आहे आणि आतल्या खिशावर भागतं, त्याने बाहेरचे खिसे शिवलेले ठेवले तर ती चूक नाही, तो त्याने विचारपूर्वक केलेला निवाडा आहे. फरक एवढाच की खिसा बंद आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे. लग्नाच्या गडबडीत हात घालून जोर लावला की टाक्याऐवजी खिशाचा कोपराच फाटतो. दुसरं, काही कोटांना दिसायला खिसा असतो पण आत पिशवी नसते, नुसती पट्टी असते. म्हणून उसवण्याआधी अस्तराच्या बाजूने चाचपून बघा. आत कापडाची पिशवी हाताला लागली तर खिसा खरा, नाही लागली तर तिथे कात्री लावू नका. फटीच्या टाक्याला मात्र अशी सवलत नाही. फट उघडण्यासाठीच ठेवलेली असते.

बाहीवरच्या लेबलाबद्दलचा आक्षेप अधिक भावनेचा आहे. चांगल्या कंपनीचा कपडा घेतला, पैसे मोजले, मग तो दिसायला नको का? हौस म्हणून हे समजण्यासारखं आहे आणि त्या हौसेची टिंगल करण्यात काही अर्थ नाही. पण ते लेबल तिथे का असतं हे बघा. दुकानात पन्नास कोट एकाला एक लागून टांगलेले असतात, दिसते ती फक्त बाही. विक्रेत्याला कोट न काढता कंपनी किंवा कापडाची गिरणी ओळखता यावी, म्हणून ती पट्टी बाहीवर टाचतात. म्हणूनच ती चार कोपऱ्यांवर किंवा दोन कडांना कच्च्या टाक्याने टाचलेली असते, बटणासारखी पक्की शिवलेली नसते. बनवणाऱ्याला ती कायमची हवी असती तर त्याने ती पक्की लावली असती. कंपनीचं नाव कोटाच्या आत, छातीच्या खिशाजवळ पक्कं शिवलेलं असतंच. ज्याला कपड्याची जाण आहे तो कापडाचा पोत आणि खांद्याची बसणी बघून दर्जा ओळखतो, आणि बाहीवर लेबल राहिलेलं दिसलं तर त्याला एवढंच कळतं की कोट दुकानातून जसा आला तसाच अंगावर चढला आहे. हे लेबल काढताना ते बाहीवरून ओढू नका. एक कोपरा उचला, लेबल आणि बाही यांच्यामध्ये दिसणारा दोरा धार लेबलाकडे ठेवून तोडा. कात्री चुकली तर लेबल कापलं जाईल, बाही वाचेल.

आता काय कापायचं नाही तेही बघू, कारण उत्साहात भलताच दोरा तोडला तर नुकसान मोठं होतं. खिशाच्या दोन टोकांना दाट, जाड टिपेचा छोटा बंध असतो, तो खिशाला बळकटी देतो. छातीवर दुमडलेल्या कॉलरच्या मागे, काजाच्या खाली दोऱ्याचा एक छोटा फास असतो, तो फुलाची दांडी अडकवायला. अस्तर आणि कोटाचं कापड खालच्या बाजूला दोऱ्याच्या साखळीने जोडलेलं असतं, ती तोडली तर अस्तर बाहेर लोंबतं. परीक्षा सोपी आहे. कच्चा टाका सहसा कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, लांब आणि सैल असतो, आणि हलकं ओढलं तर आजूबाजूची शिवण हलत नाही. शिवण हलली तर थांबा आणि शिंप्याला दाखवा.

काही टाके असे असतात की ते काढायचेच असतात, पण आज नाही. आपल्याकडच्या बायकांना हे चांगलं माहीत आहे. ब्लाउज शिवायला टाकताना आत मार्जिन ठेवायला सांगतात, आणि बाजूच्या शिवणीला दोन-तीन समांतर टिपा घातलेल्या असतात. अंग भरलं की आतली एक टीप उसवायची, ब्लाउज पुन्हा अंगात येतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या पँटची मोरी आणि मुलींच्या फ्रॉकचा घेर आत दुमडून टीप घालतात, तोही याच हिशेबाने. ही टीप वापरणाऱ्यासाठीच आहे, म्हणून ती जपायची. शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टचं तसं नाही. चुण्या इस्त्रीत बसलेल्या राहाव्यात म्हणून खालच्या काठाजवळ आडवा धावदोरा घातलेला असतो. तो जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी काढला नाही तर मुलीला नीट पाऊलही टाकता येत नाही.

कपडा कारखान्यातून निघताना त्यावर आणखी काय काय राहतं, हे बारामती परिसरात अनेक घरांना ठाऊक आहे. बारामती एमआयडीसीतल्या हाय-टेक टेक्स्टाइल पार्कमध्ये तयार कपडे शिवले जातात आणि तिथे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. अशा कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापतात. एका ताग्याची छटा दुसऱ्याहून किंचित वेगळी असू शकते, म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांकाचा बारीक स्टिकर लावतात. एकाच थरातली बाही, पाठ आणि छाती एकत्र जोडली जावी, हा त्याचा हेतू. शर्टाच्या आत शिवणीजवळ असा आकडा राहिलेला दिसला तर तो निर्धास्त काढा. मात्र बाणाच्या आकाराचा छोटा स्टिकर दिसला तर काढण्याआधी थांबा आणि बाण जिकडे दाखवतो तिकडे नीट बघा. तपासणीत दोष सापडला की तो दाखवायला असे बाण लावतात. सुटलेला टाका, तेलाचा डाग किंवा विणीतला तुटका धागा तिथे असू शकतो. शर्टाच्या घडीत टाचण्या असतात, कधी कॉलरखाली, कधी बाहीच्या दुमडीत, कधी पाठीमागे पुठ्ठ्याला. लहान मूल घरात असेल तर शर्ट उलगडताना खाली पांढरा कागद पसरा आणि काढलेली प्रत्येक टाचणी एका डबीत टाका. साडीच्या काठाला स्टेपलर पिनने लावलेली किमतीची चिठ्ठी ओढून काढू नका. पिनेची टोकं मागून उघडा, नाहीतर जरीचा धागा तिच्याबरोबर येतो. पिन तशीच राहिली तर पावसाळ्यात कपाटातल्या कपाटात तिचा गंज साडीला लागतो. प्लास्टिकच्या दोरीने लटकवलेली चिठ्ठीही कात्रीनेच कापा.

अलीकडे काही कपड्यांच्या शिवणीत आणखी एक पांढरी, किंचित कडक पट्टी असते. तिच्यावर कात्रीचं चित्र आणि तुटक रेघ छापलेली असते. तिच्या आत पातळ अँटेना असतो आणि दुकानाला मालाची मोजदाद करायला तो लागतो. ही पट्टी दुकानासाठी आहे, म्हणून तुटक रेघेवर कापून टाका. पण तिच्या शेजारीच खरी माहितीची पट्टी असते. दोन्ही एकदम कापण्याची चूक होते ती इथेच.

त्या माहितीच्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण कपड्याचं आयुष्य तिच्यावर आहे. तिच्यावरची चिन्हं १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या गिनेटेक्स या संस्थेने रूढ केली आणि आज ती जगभर जवळपास सारखीच आहेत, म्हणजे भाषा येत नसली तरी पट्टी वाचता येते. पाण्याच्या टबातला आकडा म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती अंश सेल्सिअस गरम चालेल ते. टबात हात दाखवला असेल तर कपडा हातानेच धुवायचा. त्रिकोण ब्लीचचा. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे कमी तापमान, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जास्त. चौकोनात वर्तुळ असेल तर ते वाळवण्याच्या यंत्राचं चिन्ह. नुसतं वर्तुळ, आत अक्षर असलेलं किंवा नसलेलं, व्यावसायिक धुलाईचं, बहुधा ड्रायक्लीनिंगचं. कशावरही फुली असेल तर ते करायचं नाही. आपल्या भागासाठी दोन चिन्हं विशेष महत्त्वाची आहेत. चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तिरप्या रेघा असतील तर कपडा सावलीत वाळवायचा असतो. इंदापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर दिवसभर टाकलेला गडद रंगाचा कुर्ता काही धुण्यांतच खांद्यावर विटतो, आणि दोष कंपनीला दिला जातो. दुसरं चिन्ह एका ठिपक्याच्या इस्त्रीचं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात कोळशाची इस्त्री असेल तर तिला तापमानाचा आकडा नसतो. कपडा सुती दिसत असला तरी त्यात पॉलिएस्टर असू शकतं, आणि ते पट्टीवरच कळतं. ती कापून टाकलेली असेल तर इस्त्रीवाल्याने कशावरून ओळखायचं?

इथे सर्वांत खरा आक्षेप समोर येतो. पट्टी टोचते. लहान मुलांना, नाजूक त्वचेच्या माणसांना मानेपाशी ती सहन होत नाही, पुरळ उठतो. हा लाड नव्हे, आणि सहन करा असं सांगणं अन्यायाचं आहे. मानेची त्वचा किती लवकर दुखावते याचा एक नोंदलेला दाखला आपल्याच देशातला आहे. धोबी कपड्यावर बिब्याच्या रसाने खूण करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमक्या त्या खुणांच्या जागी, मानेवर, दाह आणि फोड उठले, आणि त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली त्यावर लेख लिहून त्या विकाराला धोब्याच्या खुणेचंच नाव दिलं. पट्टी बिब्याइतकी घातक नसते, पण तिची कापलेली कडक कड दिवसभर एकाच जागी घासत राहते. म्हणून टोचत असेल तर ती जरूर काढा, फक्त कात्रीने मधोमध कापू नका. तसं केलं की मुळाशी टोकेरी बुडखा राहतो आणि तो आधीपेक्षा जास्त टोचतो. पट्टीला धरून ठेवणारे टाके एकेक करून उसवा. कॉलरची मूळ शिवण त्याच टिपेत असेल तर ती सुटणार नाही एवढं बघा, शंका आली तर शिंप्याकडून करून घ्या. मग ती पट्टी बाजूच्या खालच्या शिवणीला, जिथे ती अंगाला लागत नाही, दोन टाक्यांनी लावा. तेही नको असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि पट्टी बिलासोबत पाकिटात ठेवा. आतल्या खिशात मिळालेलं जादा बटण आणि दोऱ्याची गुंडी त्याच पाकिटात जाऊ द्या.

रेशमी साडी आणि पैठणीच्या बाबतीत लेबल जपणं आणखी महत्त्वाचं आहे, कारण तिथे एका साडीचा खर्च दागिन्यांच्या जवळ जातो. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सिल्क मार्क सुरू झाला. होलोग्राम आणि क्रमांक असलेली त्याची चिठ्ठी शुद्ध रेशमाची हमी देते. २००६ साली हँडलूम मार्क आला, तो कापड हातमागावर विणल्याची ग्वाही देतो. या दोन हमी वेगळ्या आहेत. रेशीम शुद्ध असून साडी यंत्रमागावरची असू शकते, आणि हातमागावरची साडी शुद्ध रेशमाची असेलच असं नाही. जरीबद्दल तर यातलं कोणतंच चिन्ह बोलत नाही, ते बिलावर लिहून घ्यावं लागतं. साडीला फॉल-पिको करायला देण्याआधी या चिठ्ठ्या काढून स्वतःजवळ ठेवा. फॉल लावून साडी परत येते तेव्हा चिठ्ठी सोबत येईलच याचा भरवसा नसतो, आणि पुढे वाद झाला तर हातात काही उरत नाही.

उरला व्यवहाराचा मुद्दा. लोक म्हणतात, टाके उसवले आणि चिठ्ठ्या कापल्या की दुकानदार कपडा बदलून देत नाही. बरोबर आहे, म्हणून क्रम पाळायचा. कपडा घरी आल्यावर आधी दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या दिव्याखाली छटा फसवते. मग काहीही न कापता घालून बघा, हात वर करा, बसा, वाका. माप, रंग, शिवण सगळं पसंत पडलं की मगच कात्री हातात घ्या. माप आवडलं नाही म्हणून बदलून देणं दुकानाच्या मर्जीवर असतं, पण दोष असलेल्या मालाचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर ती तीस दिवस धरली जाते. बिल न देणं हेही याच कायद्यात अनुचित ठरवलं आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघून सदोष कपडा घेऊन गप्प बसण्याचं कारण नाही. कपड्याला लटकवलेल्या चिठ्ठीवर कमाल किंमत, माप, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीचा संपर्क असतो. दुकानदार ऐकेना तर हीच चिठ्ठी आणि बिल समोर ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो.

शेवटची विनंती वेळेबद्दल. लग्नाच्या दिवशी सकाळी, हळद उतरवून आंघोळ झाल्यावर घाईत कोट उसवायला घेऊ नका, कात्री तेव्हाच चुकते. टाक्यांच्या खुणा आणि भोकं वाफेने बुजायला आणि कोट हँगरवर मोकळा लटकून बसायला निदान दोन दिवस लागतात. आणि अंगाला लागणारे कपडे, विशेषतः लहान मुलांचे, याच दोन दिवसांत एकदा साध्या पाण्यातून धुऊन काढा. नव्या कापडात सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेली रसायनं आणि सुटा रंग राहिलेला असतो, आणि काहींच्या त्वचेला त्याचा त्रास होतो. जे कपडे पाण्यात घालायचे नाहीत ते आतल्या पट्टीवर लिहिलेलंच असतं, म्हणून पाण्यात घालण्याआधी ती वाचा.